पेरलेलं हसू

“ए हशा, कडेला काय चोरासारखा बसलास? मधे ये, मधे!”

फ्लोअर मॅनेजर ओरडला तसा तो गुपचूप उठला आणि लोकांचे गुडघे चुकवत तिसऱ्या रांगेच्या मधोमध जाऊन बसला. फ्लोअर मॅनेजरला सगळे शिट्टी म्हणायचे, कारण त्याच्या गळ्यात शिट्टी असायची आणि ती तोंडात नसेल तेव्हा तो स्वतःच शिट्टीसारखा बोलायचा. आणि याला सगळे हशा म्हणायचे, कारण हा हसायचा. कामच ते होतं त्याचं.

टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम बघताना समोर बसलेली माणसं कशी खदाखदा हसतात, ते आपण बघतोच. पण आपणहून कोण हसतंय तिथं? गाडीत भरून आणलेली माणसं ती. सकाळपासून दिव्यांच्या उकाड्यात बसून शिजलेली, एकच विनोद चौथ्यांदा ऐकणारी. त्यात आपल्या लोकांची खोड अशी, की एकटं हसायला कोणी धजावत नाही. शेजारचा हसला की मग याला धीर येतो, याचं बघून तिसऱ्याला येतो. म्हणून रांगेच्या मधोमध एक माणूस पेरून ठेवायचा. तो पहिला हसणार, आणि मग पीक आपोआप.

हशाच्या पोतडीत तीन हसू होती. एक फुसका, म्हणजे नाकातून सुटणारा, किरकोळ विनोदांसाठी. एक गडगडाट, कार्यक्रम संपताना. आणि तिसरा ठसका. ठसका म्हणजे याची खरी कमाई. आधी श्वास अडकायचा, मग तो दाबायचा प्रयत्न, आणि मग सगळं धरण फुटल्यासारखं बाहेर. ते हसू ऐकून गप्प बसलेला माणूस अजून जन्माला यायचाय, असं शिट्टी स्वतः म्हणायचा. एकदा तर कॅमेरावालाच इतका हसला की चित्र हललं आणि सगळं परत करावं लागलं.

गंमत म्हणजे हशा विनोद ऐकायचाच नाही. नवा होता तेव्हा ऐकायचा बिचारा. पण विनोद ऐकला की हसू यायचंच असं नाही. खरं सांगायचं तर ऐकला तर बहुतेक वेळा यायचंच नाही. म्हणून त्याने ऐकणं सोडून दिलं आणि बघायला लागला. बोलणारा हनुवटी किंचित वर उचलतो, श्वास धरतो, थांबतो. तीच जागा. त्या जागेला हसू टाकायचं. मग तो वर काय बोलला, आईवरून बोलला की म्हशीवरून, आपल्याला काय देणंघेणं!

“आज जरा लवकर सोडा,” मधल्या वेळात तो शिट्टीला म्हणाला.

“का रे? घरी कोणी रडतंय का?”

“पोरीचं नाटक आहे संध्याकाळी.”

“अरे वा! मग जा की. जाऊन हस पोटभर.”

“गंभीर आहे नाटक.”

शिट्टीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “गंभीर आहे? मग तुझं तिथं काय काम?”

शेजारच्या टाळ्यावाल्या बायका फिस्सकन हसल्या. हशाही हसला, फुसका. पण हे वाक्य त्याने सकाळीच घरी ऐकलं होतं. तिथं ते इतकं उघडं बोललं गेलं नव्हतं, एवढाच फरक.

सकाळी मुलगी केस विंचरता विंचरता म्हणाली होती, “बाबा, तुम्ही आलात तर चालेल मला.”

“चालेल म्हणजे? बापाला काय पाहुण्यासारखं बोलावतेस?”

“तसं नाही. पण मागे बसा. अगदी मागे. आणि...”

“आणि तोंड बंद ठेवतो. कळलं.”

“खोकूसुद्धा नका, बाबा. तिथं शांतता लागते. शेवटपर्यंत.”

त्याची बायको आतून बाहेर आली. “मी बसते ना शेजारी. तोंडात रुमाल कोंबीन मी त्यांच्या.”

“आई, मस्करी नको. निर्माते येणारेत आज बघायला. त्यांनी घेतलं तर आमचं नाटक गावोगाव जाईल. नाही घेतलं तर मावशीच्या ऑफिसात जाते मी टायपिंगला, तुला शब्द दिलाय ना.”

“शब्द मी मागितला नव्हता हं.”

“मावशीने मागितला. तू मान हलवलीस.”

एकटीने करायचं नाटक होतं ते. लिहिलं तिनंच, बसवलं तिनंच, तालमी मैत्रिणीच्या गच्चीवर केल्या. कशावर आहे म्हणून त्याने एकदा विचारलं, तर म्हणाली, “घरातलंच आहे.” त्याला वाटलं, असेल सासू-सुनेचं काहीतरी. पुढे विचारलं नाही. आपल्या धंद्यातल्या माणसाने गंभीर नाटकाबद्दल काय विचारायचं? खाटकाने फुलं विकणाऱ्याला भाव विचारावा, तशातली गत.

हे त्याच्या मनात पूर्वीपासूनच होतं. पोरीच्या शाळेत कोणी विचारलं तर तो ‘ध्वनी विभागात असतो’ असं सांगायचा. खोटं नव्हतं, ध्वनी तर करतच होता. पण एकदा तिच्या वर्गातल्या एका चोंबड्या मुलीने त्याला टीव्हीवर बघितलं. एका आठवड्यात तीन कार्यक्रमांत, तीन वेगळ्या शर्टांत, सगळीकडे मधोमध बसून हसताना. “तुझे बाबा रोज रिकामेच असतात का गं?” असं तिने भर वर्गात विचारलं. पोरगी घरी आली, दप्तर ठेवलं आणि जेवली नाही. त्या दिवसापासून कॅमेरा आपल्या रांगेकडे वळला की हशा वाकून बुटाची नाडी बांधायचा. चपला घालून आला असला तरीही बांधायचा.

संध्याकाळी तो बायकोबरोबर नाट्यगृहात पोचला तेव्हा घसा सोलून निघाला होता. दिवसभरात शिट्टीने त्याला पिळून काढलं होतं. दोघं शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला, अगदी कोपऱ्यात बसले. आता इथं कोण बघतंय, म्हणून त्याने पाय पसरले.

तेवढ्यात दारावरची मुलगी बॅटरी नाचवत आली. “काका, काकू, पुढे या ना. मागे बसू नका.”

“आम्ही इथंच बरे आहोत,” बायको म्हणाली.

“अहो काकू, पुढे अर्धं रिकामं दिसतंय. निर्माते आलेत. रिकाम्या खुर्च्या बघून काय वाटेल त्यांना? या, या.”

आता पोरीसाठीच चाललंय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? दोघं उठले. ती मुलगी त्यांना घेऊन गेली ते थेट तिसऱ्या रांगेत. मधोमध.

हशाने खुर्ची बघितली. स्टुडिओतली त्याची जागा तीच. पण बसला.

पडदा वर गेला. रंगमंचावर एक पाट, एक खुंटी, खुंटीवर पुरुषी शर्ट. आणि त्याची पोरगी. दिव्यात ती उंच वाटत होती. तिने पहिलं वाक्य म्हटलं आणि हशा सरसावून बसला. काय श्वास घेतला होता पोरीनं! त्याच्या स्टुडिओतले भले भले विनोदवीर, ज्यांच्या नावाने दुकानांच्या फिती कापतात, त्यांनाही असा थांबता येत नव्हता. वाक्य टाकायची, थांबायची, लोक पुढे झुकले की मग दुसरं टाकायची. हिला हे कोणी शिकवलं? त्याला एकदम आठवलं, लहानपणी ती त्याच्या कार्यक्रमांसमोर बसून राहायची, टीव्हीला नाक लावून. अरे, ही तर आपल्याच दुकानातून माल उचलून घेऊन गेली की!

छाती फुगली त्याची. आणि छाती फुगली तिथंच घोटाळा झाला. कारण तो आता पोरीचं बोलणं सोडून पोरीचं काम बघायला लागला. शब्द कानावर येत होते आणि पावसाच्या पाण्यासारखे वाहून जात होते. ती कोणाबद्दल तरी बोलत होती. कोणीतरी घरी येऊन गरम पाणी पितं. कोणीतरी गळ्याला रुमाल गुंडाळून भिंतीकडे तोंड करून झोपतं. ती माकड झाली, म्हातारी झाली, गाढव झाली. हशा तिची हनुवटी बघत होता.

हनुवटी वर गेली. श्वास अडकला. ती थांबली.

आणि ठसका सुटला.

त्याला कळलंच नाही. शिंक येते तसं आलं ते. आधी अडकलं, दाबलं गेलं आणि मग फुटलं. तिसऱ्या रांगेच्या मधोमध, एवढ्या शांत नाट्यगृहात. बायकोने त्याच्या मांडीत नखं रुतवली, पण तोवर उशीर झाला होता. पुढच्या रांगेतला टकल्या गदगदायला लागला. त्याच्या शेजारची बाई हसली. मग मागचे, मग वरचे. बघता बघता सगळं नाट्यगृह खो खो हसायला लागलं. पीक आलं. असं पीक, की गेल्या कित्येक वर्षांत स्टुडिओतही आलं नव्हतं.

त्या हसण्यातच त्याला तिचं वाक्य ऐकू आलं. म्हणजे कानात आधीच येऊन पडलं होतं, आता पोचलं. ती म्हणाली होती, “मग एकदा मी शाळेच्या कपड्यांसकट पाण्याच्या पिंपात जाऊन बसले. म्हटलं, आता तरी बाबा हसतील. ते आले, त्यांनी बघितलं. आणि म्हणाले, ‘बाहेर ये. सर्दी होईल.’”

रंगमंचावरून ती बघत होती. थेट तिसऱ्या रांगेत. दिव्यांमुळे तिकडून माणसं दिसत नाहीत म्हणतात. पण तिला दिसायची काय गरज होती? ते हसू तिने हजार लोकांत ओळखलं असतं.

क्षणभर तिचा चेहरा उघडा पडला. पाटी पुसावी तसा कोरा. हशाला वाटलं, आता ही आत निघून जाणार. पण ती गेली नाही. मान वाकडी केली, कमरेवर हात ठेवला आणि पुढचं वाक्य बाजारातल्या बाईसारखं फेकलं. लोक परत हसले. मग ती थांबलीच नाही. जे जे हळू म्हणायचं होतं ते तिने ठसक्यात म्हटलं, जिथं रडायचं होतं तिथं डोळे फिरवले. शेवटी खुंटीवरचा शर्ट काढून मिठीत घ्यायचा होता, तो तिने अंगात घातला आणि बाह्या लोंबत्या ठेवून चालून दाखवलं. लोकांनी उठून टाळ्या वाजवल्या.

हशा बसूनच राहिला. टाळ्या वाजवायला हात उचलेनात.

तिघं घरी आली. दार लावलं आणि बायको फुटली.

“अहो, जीभ चावता आली नाही तुम्हाला? पोरगी सांगत होती, बाप कधी हसला नाही, आणि तुम्ही... तुम्ही तिथंच...”

“मला कळलंच नाही गं.”

“काय कळलं नाही? मराठीतच बोलत होती ना ती?”

“मी ऐकत नव्हतो.”

हे ऐकून बायको अशी बघायला लागली, की त्यापेक्षा तिने लाटणं फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं.

मुलगी आत होती. बाहेर आली ती तोंड धुऊन. “आई, राहू दे. निर्मात्यांनी नाटक घेतलं.”

“घेतलं?” दोघं एकदम म्हणाले.

“हो. म्हणाले, रडकी नाटकं घेऊन कंटाळलोय, आज वाटलं पुन्हा तेच आहे. पण पिंपाच्या जागेला जो काही हशा आला ना, तिथून नाटकाने उचल घेतली म्हणाले. असंच ठेवा म्हणाले.” तिने टॉवेल दोरीवर नीट पसरला, कोपऱ्याला कोपरा लावून. “बाबांनी वाचवलं नाटक.”

चांगलीच बातमी होती. तरी ऐकताना त्याला वाटलं, कोणीतरी भर चौकात आपले कपडे काढून घेतलेत.

“मी नाही येणार पुढच्या वेळी,” तो म्हणाला. “शपथेवर सांगतो. पायच ठेवणार नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि दिवा बंद केला.

पुढच्या प्रयोगाला तो खरंच गेला नाही. बायको गेली. परत आली आणि पिशवी ठेवत म्हणाली, “चांगलं झालं.” कसं चांगलं झालं, ते सांगितलं नाही. त्याने विचारलं नाही. घरात सगळे एकमेकांशी भाडेकरूसारखे वागत होते: पाणी आलंय का, दूध संपलंय, दार लावून घ्या.

मग एक दिवस मुलगी स्टुडिओत आली.

इतक्या वर्षांत ती तिथं कधी आली नव्हती. हा मधोमध बसून कुठल्यातरी विनोदवीराच्या हनुवटीवर डोळा ठेवून होता. दाराशी शिट्टीचा आवाज आला, “ताई, उशीर केलात, टाळ्यांच्या रांगेत बसा. नाही, तिकडे. लाल ओढणी आत घ्या, कॅमेऱ्यात खुपते.” हशाने मान वळवली तर पोरगी. ती टाळ्यावाल्या बायकांच्या शेजारी बसली. लाल ओढणी आत घेतली.

विनोदवीराने हनुवटी उचलली. हशाला माहीत होतं ती बघतेय. पण जागा आली होती आणि जागा गेली तर सगळं परत करावं लागतं. त्याने ठसका टाकला. सगळे हसले. टाळ्या झाल्या. पोरीनेही वाजवल्या; वाजवायच्याच होत्या.

मधल्या वेळात दोघं बाहेरच्या बोळात उभे राहिले. तिथं तुटकी खुर्ची, वायरींची भेंडोळी आणि खोट्या झाडाची एक कुंडी होती.

“चहा घेतेस?”

“नको. बाबा, तुमच्या संध्याकाळच्या तारखा हव्या होत्या.”

“माझ्या? कशाला?”

“प्रयोगाला.” ती खोट्या झाडाचं पान चाळवत होती. “त्या दिवशी तुम्ही नव्हतात ना. पिंपाची जागा आली, मी थांबले. कोणी हसलंच नाही. एक बाई तर ‘अगं बाई’ म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. तिथून पुढे सगळं... म्हणजे मी डोळे फिरवतेय आणि लोक रडवेले होऊन बघतायत. निर्माते चिडले. म्हणाले, तो पहिल्या दिवशीचा हशा कुठं गेला?”

“अगं, पण मग ते जसं लिहिलं होतंस तसंच...”

“तसं त्यांना नकोय, बाबा. तसं कोणाला नकोय.” ती हसली, थोडंसंच. “पहिलं कोणीतरी हसायला लागतं. तुम्हाला माहितीये.”

त्याला माहीत होतं. जगात याच्याइतकं हे कोणालाच माहीत नव्हतं.

“तेव्हा कुठलं होतं? ठसकाच ना?”

तिला नाव माहीत होतं. तिच्याशी तो कामाचं कधी बोलला नव्हता. म्हणजे दाराआडून ऐकलं असणार, बायकोला सांगताना.

“ठसकाच,” तो म्हणाला.

“तोच हवा.”

आतून शिट्टी वाजली. हशाने चपला सारख्या केल्या. त्याला म्हणायचं होतं, पोरी, दुसरं काहीही माग. पायावर डोकं ठेवायला सांग, शेजारपाजाऱ्यांसमोर कान धरून उभं राहायला सांग. पण जिने आयुष्यभर काही मागितलं नाही, ती पहिल्यांदा कामाचं मागत होती. आणि त्याच्याकडे देण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

“येतो,” तो म्हणाला. “तारखा शिट्टीला सांगून ठेवतो.”

“थँक्यू.” मग जराशाने, “थँक्यू बाबा.”

या वेळी नाट्यगृह भरलेलं होतं. दारावरच्या मुलीने त्याला ओळखलं आणि काही न विचारता तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. बायको आली नव्हती. “मला नाही बघवणार,” एवढंच म्हणाली होती. कोणतं बघवणार नाही, नाटक की हा, ते तिने सांगितलं नाही.

पडदा वर गेला. पाट, खुंटी, शर्ट. शर्ट त्याचाच होता, हे त्याला आज दिसलं. निळ्या रेघांचा, कॉलर उलटून शिवलेला. कपाटातून कधी गेला होता कोण जाणे.

जागा हुकायला नको म्हणून आज त्याने ठरवलं होतं, हनुवटीवरून नजर हलवायची नाही. पण पोरीने तोंड उघडलं आणि त्याचे कान मधे आले. काय करणार! कानाला काही झाकण नसतं.

ती सांगत होती, बाबा आले की आम्ही रेडिओ बंद करायचो. बाबांचं हसू बाहेर लागतं, ते घरी सांडायचं नाही, असं आईने सांगितलं होतं. ती सांगत होती, मी रात्री अंथरुणात पडून विनोद पाठ करायचे. सकाळी त्यांना म्हणून दाखवायचे. ते म्हणायचे, छान आहे. शेजारचे काका हसायचे, दूधवाला हसायचा. बाबा म्हणायचे, छान आहे.

लोक हसत होते. किरकोळ, फुसके. हशा ऐकत होता. छान आहे, असं आपण म्हणायचो? म्हणायचो की. दाढी करताना म्हणायचो, आरशात बघून.

मग माकड झालं. म्हातारी झाली. गाढव झालं. पोरगी रंगमंचावर चार पायांवर फिरत होती आणि लोकांना मजा येत होती.

मग पिंप आलं.

पिंप त्याला आठवलं. न्हाणीघरातलं निळं पिंप, वर पोरीचं डोकं, दोन वेण्या पाण्यावर तरंगतायत, चेहरा असा गंभीर की जणू बोट घेऊन परदेशी निघालीय. दार उघडलं तेव्हा त्याच्या पोटातून हसू वर आलं होतं. खरं. धंद्याचं नव्हे. आलं ते थेट गळ्यापर्यंत आलं. पण घसा बसला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून काम होतं. आलेलं हसू त्याने आवंढ्यासारखं गिळलं होतं. आणि म्हणाला होता...

“...‘बाहेर ये. सर्दी होईल.’”

हनुवटी वर. श्वास अडकलेला. ती थांबली.

नाट्यगृह शांत होतं. ती थांबूनच होती. तिच्या गळ्याची शीर हलताना त्याला दिसली. पुढच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं. तेवढ्यात त्याला कळलं की जागा आली आहे, येऊन उभी आहे, दारात वाट बघत असलेल्या माणसासारखी. आता नाही हसलो तर पोरगी तिथंच उघडी पडते. आणि हसलो तर...

त्याने श्वास ओढला. अडकवला. दाबला. आणि सोडला.

चांगला आला. इतका चांगला की टकल्यासारखाच कोणीतरी पुढे गदगदायला लागला, मग शेजारचे, मग मागचे, मग सगळे. पोरीने कमरेवर हात ठेवला, मान वाकडी केली. गाडी रुळावर आली. निर्माते विंगेत उभे राहून मांडीवर थाप मारताना दिसले. हशाने खिशातून रुमाल काढला आणि चेहरा पुसला. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, असंच कोणालाही वाटलं असतं. शेजारच्या बाईला तसंच वाटलं. “काय हो, जाम हसवते ना पोरगी?” ती म्हणाली. हशा म्हणाला, “हो ना.”

प्रयोग संपल्यावर तो मागच्या दाराने आत गेला. रंगपटात आरशासमोर ती बसली होती. अर्धा चेहरा पुसलेला, अर्धा रंगवलेला. भोवती माणसांची ये-जा, कोणी दिव्यांचं बोलतंय, कोणी गाडीचं. त्याला आरशात बघून तिने हात वर केला, थांबा म्हणून. तो दाराला पाठ लावून उभा राहिला. सगळे गेल्यावर ती म्हणाली, “आज उशिरा आलं, बाबा.”

“हो.”

“बराच उशीर झाला. मला वाटलं येतच नाही. काय झालं, घसा?”

“नाही. घसा बरा आहे.”

“मग?”

“ऐकत होतो,” तो म्हणाला.

कापूस गालावरच थांबला. आरशातून ती त्याच्याकडे बघत राहिली. तो खाली बघत होता. बोळात कोणीतरी पाट ओढत नेत होतं, त्याचा खरखर आवाज आला आणि लांब गेला.

“उद्या नका ऐकू,” ती हळूच म्हणाली. “जागा हुकते.”

“बरं.”

ती परत गाल पुसायला लागली. तो तसाच उभा राहिला. कामावर, जा म्हणेपर्यंत जायचं नसतं. गाल पुसून झाला, कपाळ झालं, हनुवटी झाली. मग तिला आरशात तो दिसला.

“झालं, बाबा,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन दार आवाज न करता ओढून घेतलं.